जानेफळच्या लग्नाचं लाइव्ह

चिखलीत बसस्टँडमागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. लग्नाचं शूटिंग आमचे हे करतात, आणि ते कापून-जोडून त्याची फिल्म मी तयार करते. मी या घरात आले तेव्हा दुकानात व्हीसीआर होते. मग सीडी आली, मग पेनड्राइव्ह. दर वेळी नवं यंत्र यांनी आणलं आणि ते शिकायचं काम माझ्याकडे आलं. आता लोकांना लाइव्ह लागतं. लग्न इथे लागतं आणि लांबचे नातेवाईक ते त्याच घडीला मोबाइलवर नाहीतर टीव्हीवर बघतात.

पूर्वी कॅसेट नेऊन दिली की शेजारपाजारची माणसं टीव्हीसमोर जमायची आणि स्वतःला शोधत बसायची. एखाद्या आत्याबाईचा चेहरा सुटला असला तर ती दुकानात भांडायला यायची. आता तीन तासांची फिल्म कोणी बघत नाही, त्यामुळे भांडायलाही कोणी येत नाही. नवरीला पाऊण मिनिटाचं रील हवं असतं, तेही हळदीची हळद वाळायच्या आत.

गाण्यांचंही तसंच. पूर्वी पाठवणीला एक रडवणारं गाणं आणि वरातीला एक नाचाचं गाणं फिल्मच्या मागे लावलं की काम झालं. आता इंटरनेटवर टाकलेल्या प्रत्येक व्हिडिओचा आवाज यंत्र ऐकतं. त्यात कोणाचं गाणं सापडलं की गाण्याचा मालक ठरवतो, व्हिडिओ ठेवायचा, बंद करायचा, की त्यावर जाहिराती लावून पैसे आपण घ्यायचे. ज्याने गाणं केलं त्याचा हक्क आहे, हे मला कळतं. पण लग्नात कोणतं गाणं वाजावं, हे शूटिंगवाल्याच्या हातात नसतं.

मागच्या उन्हाळ्यात जानेफळचे एक गुरुजी दुकानात आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि त्यांच्या पत्नी घर सारवताना ओट्यावरून पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टर हलवू देत नव्हते. नवरदेव पुण्याला नोकरीला, त्याची सुटी ठरलेली. लग्नाचं लॉन ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या.

गुरुजी खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "ताई, बाकी फोटो-बिटो कसेही आले तरी चालन. तिले लगन दिसलं पाह्यजे."

"दिसेल, गुरुजी," मी म्हणाले. "दवाखान्यात टीव्ही आहे का?"

"हाव, तिच्या खोलीत भिंतीवर मोठा हाय. तिची बहीण तिच्यापाशी थांबून राह्यली. थे लावते म्हणे मोबाइलवरून."

लग्नाच्या आदल्या दिवशी मी त्या बहिणीला फोन केला. कोणती लिंक उघडायची, टीव्हीला मोबाइल कसा जोडायचा, सगळं समजावलं. चाचणी म्हणून आमच्या दुकानाचं शटर लाइव्ह दाखवलं. पलीकडून गुरुजींच्या पत्नीचा, काकूंचा, आवाज आला, "दिसलं व माय, तुमचं दुकान दिसलं!" त्या हसत होत्या. मलाही बरं वाटलं.

लग्न चिखलीच्या बाहेर रस्त्यालगतच्या एका लॉनवर होतं. मी स्टेजच्या बाजूला टेबलावर लॅपटॉप मांडून बसले, हे कॅमेरा घेऊन फिरत होते. डीजेवाल्याला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं की वरात गेटच्या आत आली की आवाज बंद करा, नाहीतर लाइव्ह तुटेल. तो "हो ताई, हो ताई" म्हणाला. हे म्हणाले, "तो काय सगळ्यांनाच हो म्हणतो."

वरात उशिरा आली. नवरदेवाला आत घेतलं, पण त्याचे मित्र गेटजवळच नाचत राहिले आणि डीजेही तिथेच वाजत राहिला. इकडे मुहूर्त निघून चाललेला. भटजींनी घाई केली, अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या आणि मंगलाष्टकं सुरू झाली. माइकवर भटजींचा आवाज, त्यावर गेटकडून आलेलं गाणं. लॅपटॉपवर एक सूचना आली. ती वाचेपर्यंत चित्र गेलं आणि एक राखाडी पाटी आली. हक्कदाराच्या दाव्यामुळे हे प्रसारण थांबवलं आहे, असं काहीतरी.

मी उठून गेटकडे धावले. "अहो, बंद करा! लग्न लागतंय तिकडे!"

"ताई, पोट्टे ऐकूनच नाही राह्यले," डीजेवाला ओरडून म्हणाला. "मी बंद केलं तं मलेच मारतीन!"

परत टेबलाशी आले तर मोबाइल वाजत होता. दवाखान्यातून काकूंची बहीण. "ताई, इथं पाटी आली बाप्पा! काऊन बंद पडलं?"

मी लाइव्ह पुन्हा सुरू करायला गेले. होईना. आमच्या चॅनेलचं लाइव्हच अडवून ठेवलं होतं. विचारायचं कोणाला? त्या पाटीमागे माणूस नसतोच. मग मी माझ्या मोबाइलवरून त्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि तो हात वर धरून गर्दीत शिरले.

"ताई, बाजूला व्हा ना, आमाले दिसून नाही राह्यलं," मागून कोणीतरी म्हणालं. मी झाले नाही. एरवी आम्ही पाहुण्यांच्या मागे मागे राहतो, पण त्या दिवशी मी अंतरपाटाच्या टोकापाशी, नवरीच्या मामाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. अक्षता माझ्याच डोक्यावर पडत होत्या. हात दुखत होता. मोबाइल डोक्याच्या वर होता, स्क्रीन दिसत नव्हती, म्हणून पलीकडे काय दिसतंय ते मला कळत नव्हतं. अंतरपाट खाली गेला, हार घातले, टाळ्या झाल्या. मोबाइल खाली घेतला तेव्हा स्क्रीनवर काकूंच्या बहिणीचं अर्धं कपाळ थिजून उभं होतं. कॉल कधी अडकला होता कोण जाणे.

पंगती सुरू झाल्यावर गुरुजी माझ्याकडे आले. फेटा काढून हातात धरला होता.

"दिसलं का जी तिले?"

"थोडं दिसलं, गुरुजी. मधे तुटलं."

 मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. "जेवून घ्या ताई, सकाळपासून बसल्या तुमी," एवढंच म्हणाले आणि वाढप्याला हाक मारून मला पानावर बसवलं. 

पुढच्या आठवड्यात मी पूर्ण चित्रीकरण जोडून इंटरनेटवर चढवलं, म्हणजे काकूंना दवाखान्यात बघता येईल. लगेच दावा आला. मी हरकत घेतली. हे लग्नाचं चित्रीकरण आहे, गाणं बाहेर वाजत होतं, आम्ही लावलं नाही, असं लिहिलं. उत्तर आलं की दावा कायम आहे. व्हिडिओ राहिला, पण त्यावर जाहिराती बसल्या.

गुरुजींचा फोन आला. "ताई, भटजी 'सावधान' म्हणते आन् मधातच केसाच्या तेलाची बाई येते. आमच्या पोरीच्या लग्नात जाहिरात काऊन?"

"गाण्याच्या मालकाने लावली, गुरुजी. पैसे त्यांना जातात."

"मंग त्यायले आहेराचं पाकीट पाठवाले सांगा," ते म्हणाले. थोडं हसले, आणि फोन ठेवला.

मी व्हिडिओ काढून घेतला. मग गाणं तेवढं पुसून बघितलं. संगणकावर तसं करता येतं म्हणतात. माझ्याकडून गाणं गेलं, पण त्याच्याबरोबर मंगलाष्टकांचा आवाजही गेला. भटजी विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे वाटायला लागले. भटजींच्या जागी फुकट मिळणारी सनई लावली, तर ते कोणाचंही लग्न वाटायला लागलं. हे एकदा मागून येऊन बघून गेले. म्हणाले, "किती दिवस त्याच लग्नात बसणार आहेस? पुढची तीन पडलीत." खरं होतं. दुपारभर डोळे ताणून मान भरून आली होती.

काकू घरी आल्याचं कळलं तेव्हा मी मूळ चित्रीकरण, काही न पुसता, पेनड्राइव्हवर घेतलं आणि जानेफळला गेले. त्या पुढच्या खोलीत खाटेवर होत्या, शेजारी वॉकर. गुरुजींनी टीव्हीवरचं कापड काढलं. डिशचं रिचार्ज संपून महिना झाला होता. त्यांनी भरलं नव्हतं, कारण बातम्याही ते मोबाइलवरच बघतात. पेनड्राइव्ह लावला आणि आम्ही तिघं बसलो.

काकू बारीक-सारीक बघत होत्या. "या साडीचा पदर काऊन असा घेतला हिनं?" मग मंगलाष्टकं आली, मागून डीजेचं गाणं.

"हे गाणं मी काढायचा प्रयत्न केला," मी म्हणाले.

"राहू द्या ना. वाजत होतं ना तवा? मंग वाजू द्या."

अंतरपाट खाली गेला. हार हातात घेऊन मुलगी नवरदेवाकडे बघायच्या आधी थोडी डावीकडे बघते. एवढ्या वेळा कापाकापी करताना ते मी पाहिलं होतं आणि कॅमेऱ्याकडे बघितलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. पण कॅमेरा समोर होता. डावीकडे मी उभी होते, मोबाइल वर धरून. तसं मी काकूंना सांगितलं.

काकू कोपरावर रेटून उठायला लागल्या. "थांबवा, थांबवा. मागं घ्या. थे माह्याकडं पाहून राह्यली."

मी मागे घेतलं. पुन्हा घेतलं. गुरुजी उठून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. काकू रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मले त्या वक्ती निसती मामाची बाही दिसत होती, आन् मंग तेही अटकलं. मले वाटलं, पोट्टी आपल्याले इसरली."

लग्नाचं पुढचं सगळं चित्रीकरण त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं, पंगतीसकट. मी मधेच चहा घेतला. मुलीला पुण्याला हे कसं पाठवायचं, गुरुजींनी विचारलं. इंटरनेटवर टाकता येत नव्हतं, फाइल मोबाइलवरून एकदम जाण्याएवढी लहान नव्हती. मी म्हणाले, दुसरा पेनड्राइव्ह भरून देते, ती आली की घेऊन जाईल. "दिवाळीले येईन थे," काकू म्हणाल्या.

चिखलीला परत येताना जीपमध्ये मला झोप लागली. दुकानात हे एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. सुलतानपूरचं लग्न, मुलाचे काका दुबईला, लाइव्ह पाहिजेच. यांनी माझ्याकडे बघितलं.

"डीजे आहे का?" मी विचारलं.

"म्हणजे काय," तो म्हणाला, "डीजेबिगर लगन होते का, ताई?"

मी पर्स ठेवली, डोळ्यांवर पाणी मारलं आणि लाइव्ह कशाने तुटतं ते त्याला पहिल्यापासून सांगायला बसले. तो मान हलवत होता. मधूनमधून "हो ताई, हो ताई" म्हणत होता.