मालनच्या बांगडीचं माप

दुखणं घरात राहायला आलं की किस्से आपोआप साठतात. तेव्हा हसू आलं नाही; आता सांगताना येतं, तेही दमलेलं. आळेफाट्यावर माझं बांगड्यांचं दुकान आहे. दिवसभरात घडलेलं वहीत लिहायची सवय आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

*

बाईचा हात नुसता दाबला की मला तिचं माप कळतं. आमच्या घरची रीत मात्र अशी, की घरच्या बाईने उरलेल्या मालातून आपल्या बांगड्या आपणच भराव्यात. माझी बायको मालन वर्षागणिक मोठं माप उचलू लागली. दोन-चारवरून दोन-आठवर गेली. मी तिला म्हणालो, "भात कमी कर."

"वजन तेवढंच हाय," ती म्हणाली. तेही मी वहीत लिहून ठेवलं.

*

मग ती माझ्या चपला घालू लागली. आवाज घोगरा झाला. दुकानाचा फोन तिने उचलला की गिऱ्हाईक बाया म्हणायच्या, "भाऊ, वहिनींना द्या की."

"वहिनीच बोलतेय."

"भाऊ, चेष्टा नका करू राव."

*

बँकेतल्या साहेबाने कार्डावरचा फोटो आणि तिचा चेहरा तीनदा ताडून पाहिला. "मावशी, ही तुमची बहीण का?"

"धाकटी हाय," मालन म्हणाली.

*

भाचीच्या लग्नात माझी बहीण रुसली. मालनच्या शेजारून दोनदा गेली, हात केला, मालनने बघितलंही नाही. "वहिनीला लई गर्व चढलाय." मी समजूत घातली. त्याच आठवड्यात मालन दाराच्या चौकटीला दोनदा धडकली होती. दोन्ही नोंदी वहीच्या एकाच पानावर आहेत.

*

शेवटी पुणे गाठलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. तिच्यावर गाठ झालीय. वाढीचं हार्मोन जादा सुटतंय, म्हणून हात, पाय, जबडा वाढला. गाठ डोळ्यांच्या नसा दाबतेय. कडेचं दिसणं गेलंय. उशीर केला तर समोरचंही जाईल. हात कधीपासून वाढतायत?"

मी सोबत आणलेल्या वह्या पुढे ठेवल्या. त्यांनी बराच वेळ पानं उलटली. "सात वर्षं सगळं लिहिलंय तुम्ही. दाखवलं कुणालाच नाही?"

मालन म्हणाली, "अक्षर लई चांगलं हाय त्यांचं, डॉक्टर."

*

ऑपरेशन नाकातून झालं. गेलेली नजर परत येईल का, ते डॉक्टरही सांगेनात. मी रोज तिच्या कानाजवळ बोट हलवून विचारायचो, "दिसतं का?" ती म्हणायची, "गप बसा."

दोन महिन्यांनी ती दुकानात बसली. समोरच्या बाईचा हात हातात घेऊन बांगड्या भरत होती. तिच्या डाव्या अंगाला उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईने डझनभर हिरव्या बांगड्या गुपचूप पिशवीत सरकवल्या. मी पाहिलं आणि सवयीने वही उघडली.

मालन मान न वळवता म्हणाली, "ताई, त्या दोन-चारच्या हायेत. तुमाला दोन-सहा लागत्यात. बदलून घ्या."