वाळ्याच्या पडद्यामागचे कंद

नागपुरात, धंतोलीतल्या दत्तोपंतांच्या बागेत कवडू बारा वर्षं माळी होता. त्याच्या हातून झाड मेलं असं कुणी म्हणालं, तर तो भांडायलाच उठे. एरवी मोठा मुका गडी. पाचपावलीतून सायकलवर यायचा आणि छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून दर पौर्णिमेला न चुकता विहारात जायचा.

दत्तोपंत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा सारा जीव एका रानटी ग्लॅडिओलसवर. मूळचा आफ्रिकेतला, कुण्या विद्यार्थ्याने तिकडून कंद आणून दिले होते. बाजारातल्या ग्लॅडिओलसचा थाट त्याला नाही. पान गवताच्या काडीसारखं, फूल फिकट पिवळं, दिवसभर बिनवासाचं. दिवेलागणीला मात्र असा घमघमाट, की रस्त्यावरचा माणूस सायकल थांबवून कुंपणातून डोकावे. लावणी कोजागिरीनंतर: अर्धी माती, अर्धी रेती, कंद चार बोटं खोल, ऊन भरपूर. माघात फूल. पानं पिवळी पडली की पाणी बंद, कंद काढून सुकवायचे आणि दसऱ्यापर्यंत ओल लागू द्यायची नाही. कंदाला वाटाण्याएवढी पिल्लं लटकलेली असत. त्यांना फूल यायला तीन-तीन वर्षं, म्हणून दत्तोपंत ती फेकायला सांगत. एकदा कवडूने मूठभर घरी नेली, तर त्याच्या बायकोने, कौसल्याने, ती डालड्याच्या डब्यात खोचली. कवडू ते विसरूनही गेला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दत्तोपंत गुडघ्याच्या उपचारासाठी पुण्याला लेकीकडे निघाले. बारा कंदांची टोपली कोठीत टांगून म्हणाले, "याला काही करायचं नाही, कवडू. काहीच नाही."

आता काहीच करू नको, हे माळ्याला सांगायचं? नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, आणि कोठीचं टिनाचं छप्पर भट्टीसारखं तापलं. कवडूने टोपलीत हात घातला, तर कंद गरम. त्याचा जीव कळवळला. व्हरांड्यातल्या नेच्यांसाठी त्याने वाळ्याचा पडदा बांधला होता, दिवसातून तीनदा भिजवायचा. नागपूरचा माणूस उन्हाळ्यात आपल्या माणसाला वाळ्याच्या आड बसवतो, त्याला दुसरं काही सुचतच नाही. कवडूने टोपली पडद्यामागे ठेवली. वर पाण्याचा एक थेंब टाकला नाही हो! पण तिथली ओलच पुरेशी झाली. महिन्याने पाहतो, तर टोपलीत नुसती बुरशी आणि चिखल.

त्याने काय करावं? सीताबर्डीतून बाजारचे कंद आणले, बारीक बारीक निवडून, आणि टोपलीत भरून ठेवले. दत्तोपंत परत आले. कोजागिरीनंतर लावणी झाली. रोज संध्याकाळी ते वाफ्याजवळ खुर्ची टाकून बसत. आणि पान फुटलं ते रुंद, तलवारीच्या पात्यासारखं! दत्तोपंतांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले.

विहारात पंचशील म्हणताना चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की कवडूची जीभ अडायची. माघी पौर्णिमेला तर शब्दच फुटेना. तिथून उठून तो थेट धंतोलीला आला. वाफ्यात लालभडक फुलं उभी होती.

"सर, तुमचे कंद मेले. म्याच मारले. हे बाजारचे आहेत."

"पान फुटलं तेव्हाच कळलं मला."

"मंग बोलले काहून नाही?"

"कंद मेल्याचं दुःख एक दिवस झालं, कवडू. तू सांगत नाहीस याचं रोज होत होतं."

कवडू तिथेच वाफ्याशी बसून रडला.

घरी त्याने सगळं सांगितलं, तेव्हा कौसल्याने डालड्याचा डबा पुढे सरकवला. आत काडीसारखी पानं! सकाळी तो डबा घेऊन धावला. दत्तोपंतांनी पानांवरून बोट फिरवलं आणि डबा परत दिला. "घरी ने. फूल आलं की मीच येईन."

बारा वर्षांत म्हातारा पाचपावलीला कधी आला नव्हता. आपल्या हातावरचा विश्वास उडाला, आता ही नाही म्हणायची रीत, असं कवडूने धरलं आणि ते त्याला फार लागलं. कामात खोट नव्हती, पण तो झाडाविषयी बोलेनासा झाला.

दोन वर्षांनी माघात कळी आली. कवडू सांगायला जाईना, कौसल्याने ढकलून पाठवलं. तर दत्तोपंत त्याच संध्याकाळी सायकलरिक्षा करून हजर. अंगणात खाटेवर बसले, कौसल्याने दिलेला चहा प्यायले. दिवे लागले आणि वास आला. म्हातारा डोळे मिटून बसून राहिला.

मग त्यांनी विचारलं, "कौसल्या, उन्हाळ्यात कंद ठेवतेस कुठं?"

"चुलीवरच्या फळीवर, लसणासंग."

"एक मला देशील?"

"देते न जी." कौसल्याने नवऱ्याकडे पाहिलं. "पण उन्हाळ्यात यायच्या हाती देऊ नोका."

"त्याच्याच हाती देणार," दत्तोपंत म्हणाले आणि आणखी चहा मागितला.