मांडीवरचं खापर

मागच्या आठवड्यात जळगावच्या घरी आम्ही स्वयंपाकघर आवरायला काढलं. आवरणारी मी एकटी... बाकीचे सांगणारे.

सासूबाईंना आम्ही अक्का म्हणतो. सकाळी चहाची बशी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "बठ्ठा पसारा काढी टाक व. पाय ठेवाले जागा नही." मला आनंदच झाला. बारा वर्षं त्या धुरात काढलीत मी, तिथली अडगळ माझ्याइतकी कुणाच्या डोळ्यांत खुपणार?

आणि खरं सांगू? त्या घरात माझं म्हणावं असं स्वयंपाकघर तेवढंच होतं. बारा वर्षांत पाळणा काही हलला नाही. खापर अर्थातच माझ्यावर फुटलं... आमच्या ह्यांना कुठल्या वैद्याकडे नेल्याचं मला तरी आठवत नाही. पण पानं वाढायला घेतली की मला कुणी वांझ म्हणत नसे. खाणाऱ्याचं तोंड तेवढ्यापुरतं गुंतलेलं असतं.

पदर खोचला आणि लागले कामाला. उंदरांनी कुरतडलेली सुपं, दांडा तुटलेला झारा, तडा गेलेल्या बरण्या, गेल्या सालचे, वास लागलेले ज्वारीचे बिबडे... सगळं बाहेर. उतरंडीमागची भिंत तर मी बारा वर्षांनी पहिल्यांदा पाहिली. सारवून झाल्यावर आपलंच आपल्याला कौतुक वाटलं.

मग अक्का भांड्यांकडे वळल्या. हा हंडा जुनाट दिसतो, ती परात जड आहे, ते पातेलं गळतं... गळत काही नव्हतं. ती सगळी माझ्या लग्नातली भांडी. धरणगावहून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं दिलेली. प्रत्येकाच्या काठावर टिंबं टिंबं ठोकून माझं नाव घातलेलं, यमुना.

लढाईमुळे पितळेला भाव आलाय, तेव्हा जुनी मोडीत घालू आणि नवी घेऊ असं ठरलं. जीव तुटला. पण नव्या भांड्यांचा मोह कुठल्या बाईला नसतो? देण्याआधी ती सगळी मी चिंच लावून घासली... मोडीत जाणारी भांडी घासणारी माझ्यासारखी शहाणी मीच.

मागे राहिलं ते एक खापर. आमच्याकडे मांडे करायला हे मातीचं मोठं भांडं चुलीवर उपडं घालतात. पुरण भरलेला मांडा हातांवर फिरवत फिरवत मोठा करायचा आणि खापराच्या पाठीवर टाकायचा. हेही माझ्याबरोबर माहेरहूनच आलेलं, पण मातीला मोड कोण देणार? म्हणून ते वाचलं.

दुसऱ्या दिवशी कासार नवी भांडी घेऊन ओसरीवर बसला. हातात छिन्नी-हातोडी. मी पाणी द्यायला गेले तर त्यानं विचारलं, "वहिनी, हंडावर नाव काय घालानं?"

मी आपली लाजले आणि म्हणाले, "यमुना."

तो हसला. "तुमनं नही वो... नवी वहिनीनं."

बिचाऱ्याला वाटलं, मला ठाऊक असेल. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली... आणि मला सगळं कळलं. ह्यांच्यासाठी एरंडोलची मुलगी ठरली होती. लग्न चार दिवसांवर आलं होतं. जिच्यासाठी जागा हवी होती ती येणार होती, आणि ती जागा मी माझ्याच हातांनी सारवून ठेवली होती.

रात्री ह्यांना विचारलं. "घरची माणसं म्हणतात..." एवढंच म्हणाले आणि कूस बदलली. त्या पोरीवर माझा राग नाही. तिला तरी कुणी विचारलं असेल?

पण कडेलोट झाला तो सकाळी. अक्का जवळ येऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवला. बारा वर्षांत पहिल्यांदा... आणि म्हणाल्या, "लगीनना मांडा तूच कर व. तुना हातनी सर कोनाले येत नही."

सवतीच्या लग्नातले मांडे! मी हो म्हटलं. नाही म्हणायची सवय कुठे होती?

मग अक्का देवळात गेल्या. मी खापर जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि थेट स्टेशन गाठलं. आखाजीच्या सणाला माहेरून मिळालेले पैसे कनवटीला होते, धरणगावच्या तिकिटाला पुरले.

बायकांच्या डब्यात गर्दी होती. गाडीच्या हिसक्यानं फुटू नये म्हणून खापर मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून मी बसले होते. गाडी डोलायची तशी मीही डोलत होते. समोरची म्हातारी सरकली, मला खिडकीजवळ जागा दिली आणि मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत हळूच म्हणाली, "निजनं का? कितला महिनानं शे?"

मी लुगड्याची घडी नीट केली. मग म्हटलं, "बारा वरीसनं शे."

मला हसू आलं आणि मग रडू आवरेना... पदर तोंडात कोंबून रडले. त्या माउलीनं आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

आता मी धरणगावला आहे. आबांनी अंगणात माझ्यासाठी वेगळी चूल घालून दिलीय. काल जळगावचा एक ओळखीचा भेटून गेला. लग्न झालं म्हणे, पण जेवणावळीत मांडे नव्हते, व्याही रुसले, आणि अक्का अजून गावभर माझ्यावर खापर फोडत फिरताहेत.

फोडू देत... खापर माझ्याकडे आहे.