हरवलेला हातचा

लातूरहून नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्याला एक खासगी तंत्रनिकेतन आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत पंचशीला सोळा वर्षं परिचर होती. सकाळी कुलूप काढायचं, टेबलं पुसायची, पोरांना किट मोजून द्यायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे. कुठली चिप कुठल्या डबीतली, हे ती कधी चुकली नाही. त्या चिपा आत काय करतात हे मात्र तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. ती मूळची अहमदपूरकडची. बारावी सायन्सला गणितात दोनदा नापास झाली, आणि तेव्हापासून आकड्यांचं काही निघालं की ती हळूच तिथून उठून जायची.

दिवाळीच्या सुटीत सामानाची तपासणी होती. त्या कामावर सुकन्या मॅडम आल्या. मॅडम म्हणजे नांदेडची सुकन्या. सात वर्षांपूर्वी ती इथंच डिप्लोमा करत होती. पुढं इंजिनिअर झाली आणि यंदा शिकवायला म्हणून परत आली. पंचशीलाला ती अजूनही मावशीच म्हणायची.

दोघी आठ जुने किट पुसत होत्या. लाकडी पेटी, वर हिरवी पाटी, पाटीवर चिपा, खाली चार-चार बटणांच्या दोन ओळी आणि वरच्या कडेला पाच लाल दिवे. पंचशीला सहज बोलून गेली, "मॅडम, नऊ वर्षं झाली हे पुसून राहिले. ह्याच्या आत असतंय तरी काय?"

"बटणं."

"ही तर बाहेरची झाली. आतलं विचारून राहिले."

"आतपण बटणंच, मावशी. लई बारीक. एका बटणानं दुसरं दाबलं जातं, दुसऱ्यानं तिसरं. कॉम्प्युटर म्हणजे तेवढंच."

"मग हिशेब कोण करतंय?"

"कुणीच नाही."

पंचशीलाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिला वाटलं, पोरगी चेष्टा करून राहिली. पण सुकन्यानं किट लावला आणि समोर बसवून दाखवलं. दिवा लागला म्हणजे एक, विझलेला म्हणजे शून्य. उजवीकडच्या पहिल्या दिव्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, चौथ्याची आठ, पाचव्याची सोळा. बटणांचंही तसंच, वरच्या ओळीत एक आकडा लावायचा, खालच्या ओळीत दुसरा. एक चिप फक्त एवढंच बघते, की दोन्हीकडून वीज आली का? आली तर पुढं सोडते. दुसरी बघते, दोन्हींपैकी एकाच बाजूनं आली का? बाकी तिला जगाची खबर नाही.

"आता एक आणि एक मिळवा," सुकन्या म्हणाली.

पंचशीलानं वरच्या ओळीतलं पहिलं बटण सरकवलं, पहिला दिवा लागला. मग खालच्या ओळीतलं पहिलं सरकवलं. पहिला दिवा विझला आणि दुसरा लागला.

"दोन झाले की पहिल्या घरात मावत नाही. मग काय करतो आपण?"

"हातचा," पंचशीलाच्या तोंडून गेलं.

"हाव. हातचा. ती चिप हातचा शेजारच्या घरात ढकलते. बस."

पंचशीला खुर्चीत मागं टेकली. गणिताला डोकं लागतं आणि आपल्याला ते नाही, असं तिला पंचवीस वर्षं सगळ्यांनी सांगितलं होतं. आणि इथं डोकं नसलेली पाटी बेरीज करत होती. तिला आनंद वगैरे झाला नाही. तिला धक्काच बसला, आणि थोडा रागही आला. कुणाचा ते तिला कळेना.

सुटी संपायला बारा दिवस होते. सुकन्या गावी गेली. पंचशीला रोज सकाळी टेबलं पुसून झाली की एक किट लावायची आणि बेरजा करायची. दोन आणि एक, तीन. चार आणि चार, आठ. पाच आणि दोन, सात. दिवे बरोबर लागत. मग तिनं तीन आणि एक मिळवले.

एकही दिवा लागला नाही.

तिनं बटणं मागं घेतली, पुन्हा सरकवली. अंधारच. दोन आणि दोन लावून बघितले, तरी अंधार. तिला वाटलं, आपलंच चुकलं. दुसरा किट घेतला, तिसरा घेतला. आठही किट तेच सांगत होते. आठ किट एकच गोष्ट सांगतात आणि आपण वेगळं म्हणतो, तर खोटं कोण? तिला बारावीच्या निकालाचा दिवस आठवला.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. आनंदराज एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. तो चहा पिता पिता म्हणाला, "तू बघितलंस ते लिहून ठेव. गाडी आली की आम्ही आधी आवाज लिहितो. कशानं होऊन राहिला ते नंतर."

तिनं शंभर पानी वही घेतली. वरच्या ओळीत शून्यापासून पंधरापर्यंत, खालच्या ओळीत शून्यापासून पंधरापर्यंत, एकही जोडी सोडायची नाही असं ठरवलं. दोनशे छप्पन्न बेरजा झाल्या. जे दिवे लागले तेच लिहिले. शेजारी, घाबरत घाबरत, आपलं उत्तर लिहिलं. नऊ दिवस लागले. शेवटी चुकलेल्या ओळींवर लाल खूण केली. त्या शहाण्णव निघाल्या.

मग तिला दिसलं ते बघून तिनं वहीच मिटली आणि पुन्हा उघडली. शहाण्णवच्या शहाण्णव ठिकाणी किटचं उत्तर बरोबर चारनं कमी होतं. कधी तीननं नाही, कधी पाचनं नाही. चूक करायची तर माणूस इतक्या नेमानं करत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. चुकांचा तिला अनुभव होता.

सुकन्या परत आली त्या सकाळी पंचशीलानं वही तिच्यापुढं ठेवली.

"असं होणार नाही, मावशी. नऊ वर्षं पोरं ह्याच किटवर प्रॅक्टिकल करतात."

"लावून बघा की."

सुकन्यानं तीन लावले, एक लावला. पाचही दिवे काळे. तिनं मागची वायर हलवली, दुसरा किट घेतला. तिसऱ्या किटला तिचे हात थांबले. वहीतल्या लाल खुणांवरून तिचं बोट खाली खाली गेलं. "चारच कमी... चार म्हणजे तिसरं घर. म्हणजे दुसऱ्या घरातून तिसऱ्या घरात जाणारा हातचा पोचतच नाही," ती पुटपुटली. मग एकदम मान वर केली. "पण मग पोरं जर्नलमध्ये काय लिहितात?"

जुनी जर्नलं पंचशीलानं कधी रद्दीत दिली नव्हती. तपासणीला लागतात म्हणून कपाटात वर्षावार रचून ठेवली होती. दोघींनी गठ्ठे खाली काढले. तीन अधिक एक, उत्तर चार. सगळीकडं चार. त्या तक्त्याच्या वर छापील ओळ होती, 'प्रत्यक्ष निरीक्षण'. खाली लाल शाईची सही. कुणी खाडाखोड केलेली नाही, कुणी प्रश्नचिन्ह काढलेलं नाही.

पंचशीलानं एक निळ्या पुठ्ठ्याचं जर्नल पुढं केलं. त्यावर सुकन्याचंच नाव होतं. सुकन्यानं पान उघडलं. वळणदार अक्षरात, पट्टीनं आखलेल्या चौकटीत लिहिलेलं होतं, चार.

"मला आठवतंच नाही," ती म्हणाली. "दिवे बघितल्याचं आठवतच नाही, मावशी. मी वर्गात पहिली आले होते."

आता शेषेराव सरांना सांगायचं होतं, आणि तिथं पंचशीलाचे पाय अडखळले. सर विभागप्रमुख. त्या हिरव्या पाट्यांची रचना त्यांनी स्वतः केलेली. बाजारात हेच काम करणारी एकच चिप मिळते, पण पोरांना हातचा घराघरातून जाताना दिसावा म्हणून त्यांनी सुट्या चिपांची पाटी आखली, पुण्याहून छापून आणली. पाहुणे आले की तीच दाखवायचे. सुकन्या म्हणाली, "मी सांगते. तुमचं नाव घेत नाही." पंचशीला म्हणाली, "न्हाई. बघितलंय मी. मीच येते."

सरांनी आधी हसून घेतलं. मग वही चाळली, हसणं थांबलं. किट मागवला. तीन आणि एक. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, जणू दिवे चष्म्यामुळं दिसत नव्हते. मग पाटी सोडवून उलटी केली आणि पेन्सिलीचं टोक तांब्याच्या रेघेवरून फिरवू लागले. पहिल्या घरातून दुसऱ्यात गेले. दुसऱ्या घरातून निघालेली रेघ बोटभर पुढं जाऊन नुसतीच संपली होती. आणि तिसऱ्या घराची हातचा घ्यायची जागा सरळ शून्याच्या, म्हणजे कधीच वीज नसलेल्या पट्ट्याला जोडलेली होती.

"दोन घरं काढली होती मी," सर अगदी हळू म्हणाले. "पहिल्या घराला हातचा कुठून येणार, म्हणून तिथं शून्य जोडलं. मग वेळ वाचावा म्हणून तेच चित्र उचलून शेजारी पुन्हा चिकटवलं. ते शून्यपण सोबत आलं."

"तपासलं नव्हतं का, सर?" सुकन्यानं विचारलं.

"तपासलं होतं की. एक आणि एक. चार आणि चार. पाच आणि दोन." त्यांनी वहीतल्या त्याच ओळी शोधल्या. तिथं लाल खूण नव्हती. "ह्या सगळ्या बरोबर येतात. नेमक्या ह्याच लावल्या मी."

सर उठून खिडकीपाशी गेले. पंचशीलाला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "पंचशीलाबाई, सह्या कुणाच्या आहेत त्या जर्नलवर?"

"तुमच्या, सर."

"नऊ वर्षं?"

"हाव."

त्या दिवशी सरांनी तास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते किट घेऊन वर्गात उभे राहिले, घडलं ते पोरांपुढं जसंच्या तसं सांगितलं आणि पंचशीलाला बटणं सरकवायला बोलावलं. पोरं हसली नाहीत. मागच्या बाकावर कुणीतरी घाईघाईनं जर्नलचं पान फाडत होतं, त्याचा आवाज तेवढा आला.

पाट्या दुरुस्त करणं अवघड नव्हतं. शून्याकडं जाणारी रेघ ब्लेडनं खरवडून तोडायची आणि दोन बिंदूंमध्ये पातळ वायर सोल्डर करायची. सुकन्यानं पहिली केली. उरलेल्यांपैकी सहा पंचशीलानं केल्या. दोनदा बोट भाजलं. आठवी पाटी सरांनी मुद्दाम तशीच ठेवायला सांगितली.

पुढच्या जुलैत नवी तुकडी आली, तेव्हा ती पाटी सर्वांना आळीपाळीनं दिली. काही न सांगता. चोवीस जणांनी तीन आणि एक लावले, चोवीस जणांपुढं पाचही दिवे काळे राहिले. तेवीस जणांनी लिहिलं, चार. एकानं ती ओळ कोरी सोडली होती. सुकन्यानं जर्नलं मोजून टेबलावर आपटली. पंचशीलाला वाईट वाटण्याआधी भीतीच वाटली. आपण ही वही लिहिली नसती तर अजून किती वर्षं, हे तिनं मोजायचं टाळलं.

आता पंचशीला रोज दुपारच्या सुटीत अर्धा तास सुकन्याजवळ बसते. नोकरी तीच आहे, पगारही तोच. हजेरीपटावर ती अजून परिचर आहे. पण सामान तपासून पास करायचं काम सरांनी लेखी तिच्याकडं दिलंय, आणि तिची सही झाल्याशिवाय किट टेबलावर जात नाही.

परवा सुकन्यानं तिला एक नवीन जोडणी दिली. दोन चिपा, एकीचं उत्तर दुसरीच्या तोंडात आणि दुसरीचं पहिलीच्या. पंचशीलानं बटण दाबलं, दिवा लागला. तिनं बोट उचललं. दिवा लागलेलाच राहिला.

"मी तर सोडलं की," ती म्हणाली.

"हाव."

"मग कोण धरून राहिलंय?"

"एकमेकींनी धरलंय. ही तिला सांगते, ती हिला. लक्षात ठेवणं म्हणजे एवढंच, मावशी. कॉम्प्युटरच्या पोटात हे असं कोट्यवधी आहे."

पंचशीलानं बोट दूर नेलं, हात पदराखाली घेतला, दिव्याकडं बघत राहिली. तो विझेना. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, दिवाही गेला. पाच मिनिटांनी लाईट आली तेव्हा पंखा फिरू लागला, पण दिवा काळाच होता.

"विसरला?" तिनं घाबरून विचारलं.

"विसरला."

पंचशीलानं वही ओढली, तारीख घातली आणि जे झालं ते लिहायला घेतलं.