वाइंडिंग खात्याचे एकशे बहात्तर युनिट

कामठीपलीकडच्या सूतगिरणीत गोपिका भोयरला सगळे 'वायरमन'च म्हणतात. मौद्याकडच्या एका खेड्यात तिचे वडील, बापूजी, धान पिकवत. विहिरीवरची मोटर बिघडली की माणूस मिळेपर्यंत दोन-दोन दिवस पाणी बंद. पंधराव्या वर्षी गोपिकानं ती मोटर स्वतःच उघडली, दुरुस्त केली, आणि बापूजींनी रागवायचं सोडून तिला आयटीआयला वायरमनच्या वर्गात घातलं. वर्गात चोवीस पोरं आणि ही एकटी. गिरणीत लागली त्याला आता तेवीस वर्षं झाली. इथली कुठलीही तार कुठून निघते आणि कुठं जाते, हे ती कागद न बघता सांगते.

मागच्या वर्षी गिरणीनं प्रत्येक खात्याच्या भिंतीवर एक पडदा लावला. गेल्या तासात खात्यानं किती वीज वापरली ते त्यावर दिसे. बेतात असली तर हिरवं, जास्त झाली तर लाल. तीन आठवडे वाइंडिंग खातं, जिथं सूत पुठ्ठ्याच्या शंकूंवर, म्हणजे कोनांवर, गुंडाळतात, लालच राहिलं. विजेचा हिशेब पाहणारे इंजिनिअर सुमंत देवपुजारी यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "जेवणाच्या सुट्टीत यंत्रं चालू ठेवता तुम्ही."

खात्याची मुकादम कौसल्या तडक गोपिकाकडे आली.

"वायरमनबाई, आमी सगळं बंद करून जेवाले जातो. अन् चोर आमीच?"

"चाल, पाहू दे," गोपिका म्हणाली.

आकड्याकडे कोणी बघतच नव्हतं, सगळे रंगाकडे बघत. गोपिकानं आकडा बघितला : एकशे बहात्तर. मागचा तास, एकशे बहात्तर. तिनं मागच्या तीन आठवड्यांचा कागद काढून घेतला. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, खात्यात चिटपाखरू नसतानाही, दर तासाला एकशे बहात्तर.

ती कागद घेऊन सुमंतकडे गेली. "सर, वीज अशी नसते. ती कमी-जास्त होते. हा आकडा मेलेला हाय."

"संगणक चुकत नाही, गोपिकाताई. वापरच एकसारखा असेल."

"मंग एक तास खातं बंद ठेवू द्या मले."

सुमंतला ते पटलं नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गोपिकानं खात्याचा मोठा स्विच खाली ओढला. यंत्रं थांबली, दिवे गेले. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. बारा वाजले आणि सुमंतच्या संगणकावर आकडा उमटला : एकशे बहात्तर.

सुमंतनं आकडा दोनदा तपासून बघितला. मग म्हणाला, "मीटर खराब झालाय."

"तिथं मीटरच नाई, सर. दोन वर्षांआधी दुरुस्तीले गेला, तो आलाच नाई. तुमचा आकडा हिशेबातून येऊन राहिला."

गिरणीत त्रेसष्ट मीटर होते. त्यातले एकोणीस असे, की भिंतीवर काही नाही, फक्त संगणकात बेरीज-वजाबाकी. गोपिका त्यांना कागदी मीटर म्हणे आणि खऱ्यांना लोखंडी. तिनं कॅन्टीनच्या लांब टेबलावर प्रत्येक मीटरची एकेक चिठ्ठी मांडली आणि सुमंतला समोर बसवलं.

"आता एकेकाले विचारत जाऊ, तू कोणाचं ऐकून सांगतो? लोखंडी मीटर लागला तं थांबायचं. कागदी लागला तं पुढं जायचं. बोला, वाइंडिंग कोणाचं ऐकते?"

सुमंतनं संगणकात बघितलं. "पश्चिम पॅनेलचा आकडा, म्हणजे त्या बाजूला जाणारी सगळी वीज, त्यातून पंखे वजा."

"पंखे लोखंडी. पश्चिम पॅनेल?"

"अख्ख्या गिरणीचा मेन मीटर वजा पूर्व पॅनेल."

"पूर्व लोखंडी. मेन?"

सुमंतचं बोट पडद्यावर थबकलं. "मेन म्हणजे सगळ्या खात्यांची बेरीज."

"त्या बेरजेत वाइंडिंग हाय का?"

"आहे."

गोपिकानं बोट उचलून पुन्हा वाइंडिंगच्या चिठ्ठीवर ठेवलं. फिरून फिरून दोघं तिथंच आले होते. वाइंडिंगचा आकडा काढायला वाइंडिंगचाच आकडा लागत होता. असं अडकलं की संगणक गपचूप मागच्या तासाचाच आकडा उचली. या महिन्याचं बिल या बेरजेशी जुळलं नाही, तेव्हा तो फरक गळती म्हणून लिहून सगळे मोकळे झाले.

"पण मेन मीटर तर गेटजवळ धडधाकट आहे!" सुमंत म्हणाला.

"हाव. तीन आठवड्यांआधी रस्ता खोदला तेव्हा त्याची संगणकाकडं येणारी तार तुटली. कोणीतरी तात्पुरती बेरीज लावून देली."

"आणि पश्चिम पॅनेलची वजाबाकी कुणी लावली?"

गोपिकानं दुरुस्त्यांचं रजिस्टर उघडलं. पान सापडलं तसा तिचा चेहरा क्षणभर बदलला. खाली तिचीच सही होती.

"मीच," ती म्हणाली. "पॅनेलचा मीटर जळला होता. तवा मेन लोखंडी होता, म्हून हिशेब बरोबर होता. पण मेनच्या भरवशावर हाय, हे मी लिहून नाई ठेवलं. लिहाले पाह्यजे होतं."

सुमंतला वाटलं होतं, ती पान उलटेल. तिनं रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं, सही त्याला दिसेल असं. त्या दिवसापासून तो तिच्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत गोपिकानं गेटपासून नवी तार ओढली. मेनचा आकडा थेट मीटरवरून येऊ लागला आणि वाइंडिंग खात्याचा पडदा हलला : एकशे अठरा, एकशे पंचवीस, आणि जेवणाच्या तासाला नऊ. कौसल्यानं सुमंतला हाताला धरून पडद्यासमोर उभं केलं. तो सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "माझं चुकलं."

उरलेले सगळे कागदी मीटर गोपिका आणि सुमंतनं मिळून तपासले. आणखी एक वेटोळं निघालं, गोदामाचं आणि अंगणातल्या दिव्यांचं. दोघं एकमेकांवरून आपला आकडा सांगत होते. मग सुमंतनं संगणकात सोय करून घेतली. नवा हिशेब टाकला की संगणक आधी माग काढत जातो आणि फिरून पहिल्याच ठिकाणी आला तर हिशेब घेतच नाही. ती सोय चालते की नाही बघायला गोपिकानं पहिल्याच दिवशी तीन खोटे हिशेब मुद्दाम वेटोळे करून टाकले. तिन्ही परत आले. चौथा तिनं खरा टाकला, पंपघराचा, आणि त्याखाली लिहिलं : कोणावर अवलंबून, केव्हापासून, आणि खरा मीटर कधी बसणार.