एक वाजताचं ताट

आमच्या घरी बायका नवऱ्याच्या आधी जेवत नसत. सासूबाईंनी हा नियम आयुष्यभर पाळला होता आणि लग्न होऊन मी रायपूरला आल्यावर तो मलाही आयताच मिळाला. सुरुवातीला त्याचा जाच नव्हता. नवऱ्याचं ऑफिस जवळच होतं. दुपारी एकला ते स्कूटरवर घरी यायचे आणि त्यांचं आटोपलं की आम्ही सासू-सुना ताटावर बसायचो.

मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि नवऱ्याची बदली मंत्रालयात झाली. साऱ्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सासूबाईंची मान ताठ! दुपारचं जेवण मात्र तीनवर गेलं, कधी चारवर. मंत्री बसले की साहेब बसायचे, साहेब बसले की हे बसायचे, आणि हे उठून येईपर्यंत आम्ही दोघी उपाशी. राज्य नवं झालं होतं, आमची पोटं जुन्याच कायद्याखाली होती.

पुढच्याच उन्हाळ्यात मला दिवस गेले.

रायपूरच्या मे महिन्यात सकाळचं वरण दुपारपर्यंत कुठलं टिकतंय? नवऱ्यासाठी ताज्या पोळ्या, ताजी फोडणीची डाळ, आणि आम्हाला सकाळचं उरलेलं. अन्न टाकायचं नाही, हा घरातला दुसरा नियम. वरणाला वास येतो म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "हे छत्तीसगडी लोक बासी खाऊन राहिले ना? त्याइले काही होत नाही." अहो, बासी म्हणजे रात्री मुद्दाम पाण्यात भिजवलेला भात, सकाळीच खाऊन संपवायचा. आमचं वरण कोणी मुद्दाम आंबवत नव्हतं, ते वाट बघून बघून आंबत होतं.

मला उलट्या व्हायच्या. डोहाळे आहेत म्हणून सगळे सोडून द्यायचे. एका दुपारी मात्र पोट पार बिघडलं आणि मी नळाजवळ चक्कर येऊन पडले. पंडरी भागातल्या डॉक्टरीणबाईंनी माझी पापणी ओढून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "खून बहुत कम है. भूखी मत रहो, और ये बासा खाना बंद करो. बच्चे के लिए ठीक नहीं."

संध्याकाळी मी हे घरात सांगितलं.

"आम्ही नाही काय राहिलो उपाशी?" सासूबाई म्हणाल्या. "आम्हाले नाही झाले लेकरं?"

नवऱ्याने पेपरातून डोकं न काढता म्हटलं, "थोडं ॲडजस्ट कर ना. आईचं मन काहून मोडतेस?"

आईचं मन जपायचं, आणि माझ्या पोटातला जीव? मला भीती वाटत होती, खरीखुरी भीती, आणि त्या घरात ती फक्त मलाच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी ताजी डाळ केलीच नाही. हे तीनच्या पुढे आले, हात धुऊन बसले. मी आमच्या पातेल्यातलं वरण त्यांच्या भातावर वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि तसाच ताटात परत आला.

"आंबलं हे! मले काहून वाढलं?"

"चुकून नाही वाढलं," मी म्हटलं. "हे आईंचं आणि माझं आहे. रोजचं."

सासूबाई धावत आल्या. "दमून आला पोरगा, त्याले असं वाढते? सरक, मी करते ताजं."

"आई," नवऱ्याने विचारलं, "तू रोज हे खातेस?"

गॅस पेटवायला निघालेल्या सासूबाई जागीच थांबल्या. "तू लवकर येत नाहीस," त्या हळूच म्हणाल्या, "मग काय करू?"

नवरा काय म्हणतो याची मी वाट पाहिली नाही. वाट पाहून पोट भरलं होतं माझं. "उद्यापासून मी एक वाजता जेवणार, आणि ताजं जेवणार," मी म्हटलं. "कोणाला रुसायचं असेल त्याने रुसावं."

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी रॅकवरून ताट काढलं. सासूबाईंनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं. ठेवून देतात वाटतं, ठेवू देत, मी पातेल्यातूनच खाईन, असं मी मनात पक्कं केलं. पण त्यांनी भात वाढला, वाफाळतं वरण ओतलं, लालभाजीचा डोंगर रचला आणि ताट माझ्यापुढे आदळलं.

"पोट्टीसाठी वाढून राहिली मी, तुयासाठी नाही." मुलगीच होणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"पोट्टीसाठी वाढा," मी म्हटलं, "जेवणार मी आहे."

मी दुसरं ताट घेतलं, वाढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते झाकून ठेवलं आणि त्या लेकाची वाट पाहत दाराशी जाऊन बसल्या. मला वाईट वाटलं, पण हात थांबला नाही. ताट चाटूनपुसून साफ केलं आणि मोठ्याने म्हटलं, "आई, अजून भात वाढा."

त्या उठल्या आणि त्यांनी भात वाढला.