त्याला पहिल्या सातात घ्या

कबड्डीच्या बाबतीत माझं तोंड मला आवरत नाही. कॉलेजात चार वर्षं मी उजवा कोपरा सांभाळला, गुडघे फोडून घेतले, आईची बोलणी खाल्ली. लग्न होऊन दुबईला आले तेव्हा हे सगळं सुटलं असं वाटलं होतं. मग कळलं की शहराबाहेरच्या एका लेबर कॅम्पमागे दर शुक्रवारी सकाळी कोकणातली पोरं रेतीत चुन्याच्या रेघा मारून खेळतात. तेव्हापासून अल मनखूलमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी उशिरापर्यंत झोपायची चैन संपली. नवरा, त्याचा इन्शुरन्समधला मित्र, मी आणि मागच्या सीटवर तोंड फुगवून बसलेली लेक, अशी आमची प्रेक्षकमंडळी गाडीतून निघायची.

मंदी आली आणि बारा जणांचा संघ बघताबघता आठ जणांवर आला. क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या. एखादा गडी दिसला नाही की आम्ही विचारायचो आणि कोणीतरी म्हणायचं, "खलास, गेला गावाला." उरलेल्या आठांत सात खेळायचे आणि एक बाहेर बसायचा.

बाहेर बसायचा तो नवा गडी. कोकणातला नव्हे, साताऱ्याकडचा, तिशीतला, बांधकाम कंपनीत येऊन जेमतेम दोन महिने झालेला. एकदा सरावाला त्याची चढाई पाहिली आणि मी जागीच उभी राहिले. दम एवढा लांब की समोरचे कंटाळावेत. पाय टाकायचा तो इतक्या खालून की टिपलं कधी ते टिपल्या गेलेल्यालाही कळू नये. संघाचा कप्तान गुहागरकडचा, चाळिशी ओलांडलेला. सगळे त्याला दादा म्हणायचे, मीही म्हणायचे. त्याच्या डाव्या गुडघ्याला कायम क्रेप बँडेज असायचं. दोघं एकाच कंपनीत परांची बांधायचे आणि संघातली जागाही दोघांची एकच, चढाईची. त्यामुळे एकाने आत यायचं तर दुसऱ्याने बाहेर बसायचं, हे उघड होतं.

अबुधाबीच्या संघाशी कॅम्पांच्या स्पर्धेची फायनल ठरली आणि आमच्यात वाद पेटला. ते खलिफा सिटीच्या साइटवरचे, अंगापिंडाने दांडगे. नवरा दादाच्या बाजूचा. "एक्स्पीरियन्स म्हणून काही आहे की नाही?" इन्शुरन्सवाला म्हणायचा, "नया आदमी फायनलला घाबरतो, हबीबी." मी दोघांवर तुटून पडायचे. "तुम्ही दोघं आयुष्यात कधी एक तरी चढाई केली आहे का?" कॅफेटेरियात कडक चहा प्यायला थांबलो तरी हेच, घरी जेवतानाही हेच. लेक वैतागून म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ गेम." तिलाही ओरडा बसला. मला तेव्हा खरोखरच वाटायचं की या माणसाला पहिल्या सातात घेतलं नाही तर तो मोठा अन्याय आहे, आणि तो दूर करणं माझं काम आहे.

फायनलला दादा आत आणि नवा गडी बाहेर. मध्यंतराला आम्ही पाच गुणांनी मागे. मला राहवेना. मी सरळ मैदानात गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, तुमची जागा जाईल म्हणून बसवलंय का याला?"

नवा गडी काही बोलायला उठला. दादाने त्याला हातानेच खाली बसवलं.

"ताई, थोडं पाणी पितो आधी," दादा म्हणाला. मग मला बाजूला घेऊन त्याने शांतपणे सांगितलं, "उद्या सकाळी साइटवर टेस्ट आहे. परांचीवाल्यांना वर चढवून बघणार. अठरांतले सहा ठेवायचेत, बाकीच्यांचा व्हिसा कॅन्सल. आज याचा पाय मुरगळला तर उद्या याला कोण ठेवील? तो मैदानात उतरायला हटूनच बसलाय. मीच नाही म्हणतोय."

मी परत येऊन बसले. तीन आठवडे आम्ही नव्या गड्याच्या पायाचीच चर्चा करत होतो. त्या पायावर त्याची नोकरी उभी आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या डावात दादा जे खेळला ते मी अजून विसरलेले नाही. त्याच्याकडे वेग राहिला नव्हता, म्हणून तो डोक्याने खेळला. डावीकडे बघायचा आणि उजवीकडचा गडी टिपून यायचा. तीनदा पकडीतून हात लांबवून त्याने मध्यरेषा गाठली, आणि तिन्ही वेळा त्याच डाव्या गुडघ्यावर आदळला. मी घसा बसेपर्यंत त्याच्या नावाने ओरडले. एका गुणाने हरलो, पण असा खेळ मी कॉलेजात काय, नंतरही कधी पाहिला नाही.

पुढच्या शुक्रवारी मी बेसनाचे लाडू घेऊन गेले. माफी मागायची होती आणि रिकाम्या हाताने ती मला जमत नाही. नवा गडी समोरून आला. त्याला ठेवलं होतं. मी आनंदाने लाडू त्याच्या हातात दिला, पण तो खाईना.

"दादा परांचीच्या दुसऱ्या टप्प्याच्या वर चढूच शकले नाहीत, ताई. गुडघा वाकतच नव्हता."

तेव्हा कुठे मला कळलं. दोघं एकाच कंपनीत, एकाच कामावर. टेस्ट दादाचीही होती. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी त्या मध्यंतरात मी त्याला विचारलं नव्हतं की दादा, तुमचं काय?

दादा खोलीबाहेर बसून बॅगेला दोरी बांधत होता. मंगळवारचं तिकीट होतं. मी डबा त्याच्यासमोर ठेवला. तीन आठवडे न थांबणाऱ्या माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "तुम्ही का उतरलात मैदानात, दादा?"

त्याने दोरीची गाठ आवळली.

"आठच तर उरलो होतो, ताई," तो म्हणाला. "दोघांतल्या एकाला उतरावंच लागणार होतं."